पहिली स्पीअरगन किती लांब घ्यावी?

काका, नमस्कार. मी मूळचा वेंगुर्ल्याचा, सध्या सिडनीच्या दक्षिणेला क्रोनुलाजवळ राहतो. लहानपणी आजोबांबरोबर खाडीत पाग टाकायला जायचो, त्यामुळे पाण्याची भीती नाही. ऑफिसातल्या मित्रामुळे गेल्या उन्हाळ्यात दम धरून बुड्या मारायला शिकलो, सात-आठ मीटरपर्यंत आरामात जातो. आता स्वतःची स्पीअरगन, म्हणजे पाण्याखाली मासे मारायची भाल्याची बंदूक, घ्यायची आहे. बजेट पाचशे डॉलर. दुकानदार म्हणतो १.३ मीटरची, दोन रबरांची घे, नाहीतर किंगफिशसारखा मोठा मासा समोर आला की पस्तावशील. मित्र त्याची जुनी हवेवर चालणारी गन अर्ध्या किमतीत देतोय. आणि व्हिडिओ बघावेत तर सगळे रोलर रोलर करतायत. कोणती घेऊ? डिसेंबरात गावी जाताना ती तारकर्लीला नेता येईल का? शिवाय बायको विचारते आहे की यात जिवाला धोका किती.
– गोंधळलेला वेंगुर्लेकर

अरे वेंगुर्लेकरा,

१.१ मीटरची, ॲल्युमिनियमच्या नळीची, एका रबराची साधी रेलगन (नळीवर भाल्यासाठी उभी खाच असलेली) घे. हातात धरून फारच लांब वाटली तर एक मीटरची घे, पण १.१ हून मोठी घेऊ नकोस. बजेटमधले साठ टक्क्यांहून जास्त गनवर घालवू नकोस, उरलेल्यांचं काय करायचं ते पुढे सांगतो.

दुकानदार खोटं बोलत नाहीये. १.३ मीटरची गन किंगफिशसाठी चांगलीच. पण ती निळ्याशार, उघड्या पाण्यातली गन आहे. तू उतरणार ओक पार्कच्या नाहीतर कर्नेलच्या खडकांवरून. सिडनीच्या किनाऱ्याला नेहमीच्या दिवशी पाच ते दहा मीटरपर्यंतचं दिसतं, जोराचा पाऊस पडून गेला की तीन मीटरवरचंही धूसर होतं. उन्हाळ्याच्या शेवटाला ईस्ट ऑस्ट्रेलियन करंट हा उबदार सागरी प्रवाह किनाऱ्याजवळ सरकला की पाणी कोमट आणि काचेसारखं होतं, किंगफिशही तेव्हाच येतात. पण वर्षातले असे दिवस किती? गन घ्यायची ती रोजच्या पाण्याला शोभेल अशी. मासा दिसेपर्यंतच जर तो तीन मीटरवर आलेला असेल, तर पाच मीटर मारणाऱ्या गनचा उपयोग काय?

दुसरी गोष्ट वळवण्याची. जमिनीवर लांब काठी फिरवणं आणि पाण्यात फिरवणं यात फार फरक आहे. पाणी नळीला आडवं धरून ठेवतं, आणि लांबी वाढली की हा अडथळा भलताच वाढतो. रेड मॉरवाँग नावाचा मासा तुला पहिल्या दिवसापासून दिसेल. खडकाच्या कपारीत, केल्पच्या, म्हणजे मोठ्या समुद्री शेवाळाच्या, झालरीखाली, लालसर अंगाचा, ओठ जाड, जागचा हलायला नाखूश. त्या कपारीत तू तिरका शिरलास की १.३ मीटरच्या गनचं टोक समोरच्या दगडाला आपटतं, 'टक्' आवाज होतो आणि कपार रिकामी. लहान गन तिथे हळूच वळते. (मॉरवाँग सोपा आहे म्हणून रोज तोच मारू नकोस. नवीन लोक एकाच खडकावरचे सगळे मॉरवाँग उचलतात आणि मग इथे मासे राहिले नाहीत म्हणून ओरडतात.)

आता पल्ला. कागदावर काहीही लिहिलेलं असो, शाफ्टला, म्हणजे रबराच्या जोरावर सुटणाऱ्या भाल्याला, बांधलेली दोरी जिथे संपते तिथे गन संपते. ही दोरी गनच्या तोंडापासून मागे हँडलजवळच्या खिट्टीला आणि तिथून परत तोंडाशी येते. म्हणजे एका वेढ्यात साधारण नळीच्या दुप्पट दोरी. १.१ मीटरच्या गनला ती दोन-सव्वादोन मीटर भरते. दोरी ताणली जाण्याच्या बेताला शाफ्टचा जोरही ओसरलेला असतो, त्यामुळे नवशिक्याने टोकापासून दोन मीटरच्या आतच नेम धरावा.

आणि ते दोन मीटर डोळ्याने मोजताना एक घोळ होतो. मास्कच्या काचेतून पाण्यातली वस्तू असते त्याहून सुमारे पाव अंतराने जवळ आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते. प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो म्हणून. तुला तीन मीटरवर वाटलेला मासा खरा चार मीटरवर असतो. सुरुवातीला सगळ्यांचे नेम अलीकडे पडतात आणि सगळे गनला दोष देऊन मोठी गन घ्यायला धावतात. दुकानदाराचा धंदा बराचसा यावरच चालतो, असं माझं मत. याच कारणाने आकारातही फसायला होतं. पाण्याखाली छत्तीस सेंटिमीटरचा वाटलेला स्नॅपर वर आणल्यावर सत्तावीसचा निघतो, आणि न्यू साउथ वेल्समध्ये स्नॅपरला किमान ३० सेंटिमीटर लागतात. मेलेला मासा परत सोडून काही उपयोग नाही. तेव्हा काठावरचा वाटला तर मारूच नकोस.

दोन रबरांचं म्हणशील तर जोर वाढतो, पण तो जोर झेलायला गनला वजन लागतं. कॅलिफोर्नियाकडे जाड सागवानी गन वापरतात, त्यांच्यावर तीन-तीन रबरं असतात, कारण लाकडाचा तो ओंडका धक्का गिळतो. हलक्या ॲल्युमिनियमच्या नळीवर दोन जाड रबरं चढवलीस की ट्रिगर दाबताक्षणी तोंड वर उचललं जातं, बारीक शाफ्ट लवलवतो, आणि मासा बघत राहतो. रेलगनची कल्पना दक्षिण आफ्रिकेत रुजली, डर्बनच्या रॉब ॲलनच्या गन तर सिडनीतल्या प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या हातात दिसतील. नळीच्या अंगावरच एक उभी खाच असते, शाफ्ट तिच्यात पूर्ण लांबीभर टेकून बसतो, म्हणून रबर ताणल्यावर मधोमध वाकत नाही. या गनला १६ ते २० मिलिमीटरचं एक रबर आणि ७ मिलिमीटरचा शाफ्ट पुरतो. रॉब ॲलनचीच घे असं नाही, तशाच घडणीच्या इतरही चांगल्या आहेत. पण ज्या गनचं रबर, शाफ्ट, दोरी तुझ्या जवळच्या दुकानात सुटी मिळते, तीच घे.

मित्राच्या हवेच्या गनबद्दल. गन वाईट नाही. इटलीत, क्रोएशियात पिढ्यान्‌पिढ्या लोक तीच वापरतात. आखूड असते, जोरकस असते, कपारीत छान चालते. आत वीसेक बारपर्यंत हवा दाबलेली असते, शाफ्ट तोंडातून आत ढकलत न्यायचा, पिस्टन मागे अडकला की भरली. पण तू नवा आहेस आणि ती जुनी आहे. तिचे सील, आतलं तेल, पिस्टनची झीज यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. भरताना शाफ्टचं टोकदार तोंड तुझ्याच बाजूला असतं, हात घसरला तर काय होईल याचा विचार कर. रबराच्या गनचं तसं नाही. रबराला बारीक चिरा पडल्या, खिट्टी झिजली, दोरी उसवली की डोळ्यांना दिसतं. मित्राला सांग की काकांनी नको म्हटलंय, वाईट वाटणार नाही.

रोलरमध्ये तोंडाशी दोन चाकं असतात, रबर त्यांच्यावरून वळून नळीच्या खाली जातं, त्यामुळे नळीची पूर्ण लांबी ताणायला मिळते आणि धक्का कमी बसतो. हुशार यंत्र आहे. पण भरायला अवघड, रबर बदलायला किचकट, आणि लाटांत हेलकावे खात नवशिक्याने तो खटाटोप करण्यात अर्थ नाही. पुढेमागे दुसरी गन घेशील तेव्हा बघ.

दुकानात जाताना आपले ग्लोव्ह्ज घेऊन जा. ते घालूनच हँडल धर. बोट ट्रिगरवर सहज पोचतंय का, अंगठ्याजवळची सेफ्टी ओल्या ग्लोव्हने सरकते का, दोरीची खिट्टी ट्रिगर दाबल्याबरोबर सुटते का, बघ. मग शाफ्ट काढायला सांग आणि काउंटरच्या काचेवर गडगडत सोड. सरळ असेल तर गुपचूप घरंगळेल, वाकडा असेल तर मधूनमधून काच वाजवेल. नव्या दुकानातही वाकडे शाफ्ट निघतात. रबर जिथे अडकतं तिथे शाफ्टला कापलेल्या खाचा असण्यापेक्षा वर जोडलेले छोटे पंख असलेले बरे. खाचेपाशी शाफ्ट कमजोर होतो, पंखाने होत नाही. टोकापाशी माशाच्या अंगात उघडणारी पाकळी एकच असलेला साधा शाफ्ट घे. सुटणाऱ्या टोकाचे शाफ्ट मोठ्या टुनासाठी असतात. रबराच्या मधला जोड लोखंडी तारेचा नसावा, डायनीमाच्या (चिवट कृत्रिम धाग्याच्या) दोरीचा असावा. हात निसटला तर दोरी बोटं सोलते, तार कापते.

गन भरणं घरी शिकता येत नाही. पाण्यातच भरायची, आणि पाण्यातून बाहेर यायच्या आधी पाण्यातच रिकामी करायची. खडकावर, बोटीवर, पार्किंगमध्ये भरलेली गन कधीही नको. पाण्याचा अडथळा नसला की तोच शाफ्ट माणसाला आरपार जातो. पाण्यात सपाट तरंगत गनचा दांडा छातीच्या मधल्या हाडावर टेकव, वेटसूटला तिथे जाड पॅड असतं. दोन्ही हातांनी रबर एकसारखं ओढ, दोन्ही कोपरं मागे ने, आणि जोड शाफ्टच्या पंखात बसला की हळूच सोड. एका बाजूला जास्त ओढलंस तर शाफ्ट तिरका सुटतो. पहिले काही दिवस तुझी बरगडी दुखेल, हात थरथरतील. म्हणूनही मोठी गन नको म्हटलं. दोन रबरं असती तर हेच दोनदा करावं लागलं असतं. ताणलेलं रबर मूळ लांबीच्या साधारण तिप्पट-साडेतिप्पट असतं, यापेक्षा आखूड रबर बसवून जोर वाढवायच्या फंदात पडू नकोस. सेफ्टीवर विसंबू नकोस. तोंड कुणाकडे नाही, एवढीच खरी सेफ्टी.

उरलेले पैसे फ्लोटवर घाल. वीस-पंचवीस मीटरची तरंगती दोरी, तिच्या टोकाला भडक रंगाचा फ्लोट आणि त्यावर झेंडा. दोरीचं दुसरं टोक गनच्या हँडलला. तुझा मित्र बहुतेक गनलाच बसवलेली दोरीची रील वापरत असेल आणि फ्लोटला हसेल. केल्पमध्ये दोरी अडकते, हे खरं. पण इथे रविवारी सकाळी किनाऱ्यालगत सुसाट जाणाऱ्या बोटी बघ आणि मग ठरव. बोटवाल्याला दिसतो तो फ्लोट, तू नाहीस. शिवाय मासे फ्लोटला अडकवायचे, कमरेला नाही. रक्ताळलेला मासा कमरेला बांधून फिरायची गरज नाही, शार्कला पत्ता द्यायचाच असेल तर फ्लोटचा द्यावा.

आता बायकोचा प्रश्न. तुमच्या तिन्ही प्रश्नांत तोच महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर गनमध्ये नाही. या खेळात माणसं शार्कने कमी मरतात, दम धरण्याने जास्त मरतात. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतले की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यायची ओढ त्याच्यामुळेच लागते, ऑक्सिजन संपल्यामुळे नव्हे. म्हणजे ओढच लागत नाही, माणूस आणखी थोडा वेळ खाली थांबतो. दहा मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो, तोवर मेंदूला ऑक्सिजन पुरतो. वर येताना दाब निम्मा होतो आणि ऑक्सिजनचा दाबही त्याबरोबर पडतो. शेवटच्या काही मीटरमध्ये, कधी डोकं पाण्याबाहेर आल्यावर, काहीही न वाटता शुद्ध जाते. जोडीदार तिथे असेल तर तोंड पाण्याबाहेर धरतो, माणूस श्वास घेतो आणि म्हणतो, काय झालं? जोडीदार नसेल तर पुढचं लिहायला नको.

त्यामुळे एक खाली, एक वर. दोघांनी एकाच वेळी बुडी मारायची नाही, आणि वर आलेल्याकडे अर्धा मिनिट लक्ष ठेवायचं. जितका वेळ खाली होतास त्याच्या दुप्पट वेळ वर विश्रांती. वेटबेल्ट (कमरेचा वजनाचा पट्टा) एवढाच, की पृष्ठभागावर दम सोडल्यावरही तरंगशील, आणि एका हाताने सुटेल असा. बायकोला हे वाच म्हणावं, आणि तिने मित्राचा फोन नंबर घ्यावा. एकट्याने जायचं नाही हे तिच्यासमोर कबूल कर. ती तुझ्यापेक्षा नीट लक्षात ठेवेल.

नियमांचं थोडक्यात. मासेमारीची फी भर, भाल्याच्या शिकारीलाही ती लागते. स्कूबाच्या सिलिंडरबरोबर स्पीअरगन वापरायला या राज्यात बंदी आहे. समुद्राच्या वाळूच्या किनाऱ्यांवर, दोन्ही टोकांचे वीस-वीस मीटर सोडून, भाल्याच्या शिकारीलाच बंदी आहे. लॉबस्टरला भाला मारायचा नाही. बंदरं, खाड्या, राखीव पाणी यांत ठिकठिकाणी वेगवेगळे नियम आहेत, म्हणून जायच्या आदल्या दिवशी सरकारचं 'फिशस्मार्ट' ॲप उघडून ती जागा बघ. किंगफिशला किमान ६५ सेंटिमीटर, दिवसाला पाच.

आणि ग्रोपर. निळा, गुबगुबीत, कुत्र्यासारखा मागेमागे येणारा. निळा दिसतो तो नर, मादी तपकिरी-लालसर असते, आणि प्रत्येक नर आधी मादी असतो. हा न्यू साउथ वेल्सचा राज्यमासा. तू गन घेऊन उतरलास की तुझ्या गनच्या टोकापर्यंत येऊन बघणारा सर्वांत मोठा मासा हाच असेल, आणि त्याला हात लावायचा नाही. २०२३ च्या डिसेंबरअखेर तुझ्याच ओक पार्कला अशा एका माणसाळलेल्या ग्रोपरला भाल्याने मारलं गेलं. लोक त्याला गस म्हणत. केवढा गदारोळ झाला ते तू इथे होतास म्हणजे आठवत असेल. भाल्याने मारायला आधीपासून बंदी होतीच, २०२४ मध्ये सरकारने गळाने पकडणंही बंद केलं. तपकिरी मादीही त्यातच येते. मासा ओळखता येईपर्यंत ट्रिगरवर बोट नको.

तारकर्लीला गन नेऊ नकोस. विमानात केबिनमध्ये ती चालत नाहीच, पण खरी अडचण पुढे आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचं पाणी १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात येतं, तिथे गन घेऊन उतरलास तर वनखात्याशी गाठ पडेल. अभयारण्याबाहेर जाशील तर डिसेंबरात त्या सगळ्या पट्ट्यात पर्यटकांच्या बोटी लागलेल्या असतात, लाइफ जॅकेट घातलेली पोरंबाळं स्नॉर्कल तोंडात धरून पाण्यावर पसरलेली. तिथे भरलेली गन बाळगायची कल्पनाही मला करवत नाही. मास्क आणि फिन्स मात्र ने. गोबरा आणि तांबोशी कपारीत कसे बसतात ते नुसतं बघ, सिडनीत उपयोगी पडेल. आणि मासा हवाच असेल तर आजोबांचा पाग माळ्यावर असेलच की.

जाण्यापूर्वी गन गोड्या पाण्याने धुऊन, रबर सैल करून, कपाटात सावलीत ठेव. बाल्कनीत ठेवलीस तर डिसेंबरच्या उन्हात महिन्याभरात रबर तडकेल, आणि जानेवारीत नवं घ्यावं लागेल.

– काका